चाँद तिथंच होता : झगमगत्या ताऱ्याशेजारचा अंधुक सोबती कसा सापडतो?

शाबानची २९ तारीख. मगरिबची नमाज झाली आणि नेहमीप्रमाणे म्हसवडमधल्या गच्च्या भरल्या. पोरं, तरुण, म्हातारे, सगळ्यांची तोंडं पश्चिमेला. "दिख्या क्या?" "नै रे, अब्बी नै." आम्ही विज्ञान शिकवतो म्हणून पोरांचा घोळका आमच्याभोवती. पण आम्हालाही काही दिसत नव्हतं. सूर्य बुडाला होता, पण त्या जागी अजून तांबूस उजेड होता. शिवाय शेजारच्या इमारतीवरचा हॅलोजन डोळ्यांत घुसत होता.

तेवढ्यात एक बुजुर्ग चाचा पाण्याच्या टाकीजवळ गेले. टाकीची कड अशी धरली की हॅलोजनही तिच्याआड आणि क्षितिजावरचा सगळ्यात जास्त उजेडाचा पट्टाही तिच्याआड. वरचं आभाळ तेवढं मोकळं राहिलं. दोन मिनिटं शांत उभे राहिले आणि बोट दाखवलं. नखाच्या कडेएवढी बारीक रेघ. मग ती सगळ्यांनाच दिसायला लागली.

मुबारकबादी सुरू झाल्या. आमच्या नववीतल्या एका विद्यार्थिनीने मात्र खाली उतरताना विचारलं, "सर, चाँद आधीपासून तिथंच होता ना? मग दिसत का नव्हता?"

आम्ही तिला म्हणालो, "हाच प्रश्न घेऊन जगातल्या मोठमोठ्या दुर्बिणी रात्रभर जागतात." तिला ती थट्टा वाटली. थट्टा नव्हती, हे तिला आणि वाचकांना समजावं म्हणून हा लेख.

(चाँद कधी मानायचा, ग्वाही कुणाची घ्यायची, हा उलेमांचा विषय. आपण इथं फक्त दिसण्या-न दिसण्याचं विज्ञान बघू.)

तारे बहुधा एकटे नसतात

आपला सूर्य एकटा तारा आहे, म्हणून आपल्याला वाटतं सगळे तारे तसेच. पण सूर्यासारख्या ताऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना सोबती तारा असतो. दोघे एकमेकांभोवती फिरत असतात. दोघे सारख्या तेजाचे असले आणि अंतर मोठं असलं, तर साध्या दुर्बिणीतूनही वेगळे दिसतात. अडचण होते ती एक झगमगता आणि दुसरा अगदी मिणमिणता असला की.

व्याध ताऱ्याचं उदाहरण घ्या. अरबीत त्याला शिअरा म्हणतात; कुरआनमध्ये सूरह अन-नज्ममध्ये हे नाव येतं. रात्रीच्या आकाशातला हा सगळ्यात तेजस्वी तारा. जर्मन शास्त्रज्ञ बेसेल यांनी त्याच्या जागेची वर्षानुवर्षांची मापं तपासली, तेव्हा तो आभाळात सरळ न जाता किंचित नागमोडी सरकतोय असं दिसलं. कुणीतरी त्याला ओढतंय. १८४४ मध्ये बेसेल यांनी सांगितलं, याच्याजवळ एक न दिसणारा सोबती आहे. लोकांनी शोधला, पण सापडला नाही. पुढे ३१ जानेवारी १८६२ रोजी अमेरिकेत अल्व्हन ग्रॅहम क्लार्क हे साडेअठरा इंच व्यासाचं नवीन भिंग तपासत होते, तेव्हा व्याधाच्या झगमगाटात तो ठिपका त्यांना दिसला. म्हणजे हिशेबाने सांगितल्यापासून डोळ्यांना दिसेपर्यंत १८ वर्षं गेली.

हा सोबती व्याधापेक्षा सुमारे दहा हजार पट अंधुक आहे. आकार पृथ्वीएवढा, पण वजन सूर्याएवढं. अशा ताऱ्याला श्वेत बटू म्हणतात. असा तारा जास्तीत जास्त किती वजनाचा असू शकतो, हे आपल्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी १९३० च्या सुमारास मांडलं. पुढे १९८३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

लपवतं कोण?

अंधुक ताऱ्याला लपवणाऱ्या गोष्टी तीन आहेत.

पहिली, शेजाऱ्याचा झगमगाट. समोरून ट्रकची हेडलाइट आली की रस्त्याकडेचा सायकलवाला दिसत नाही. सायकलवाला काही गायब झालेला नसतो. हजार वर्षांपूर्वी बसऱ्यात जन्मलेल्या आणि पुढे कैरोत काम केलेल्या इब्न अल-हैसम यांनी आपल्या 'किताब अल-मनाझिर' या ग्रंथात याचा विचार केला आहे. जोरदार उजेड असला की डोळा मंद उजेडाची वस्तू पकडू शकत नाही, आणि दिवसा तारे न दिसण्याचं कारणही हेच, असं त्यांनी मांडलं.

दुसरी, खुद्द दुर्बीण. तारा इतका लांब असतो की तो नुसता बिंदू दिसायला हवा. पण प्रकाश ही लाट आहे. दुर्बिणीच्या गोल तोंडातून आत जाताना ती पसरते, म्हणून बिंदूचा बारीक ठिपका होतो आणि त्याभोवती फिकट कडी उमटतात. दुर्बीण जितकी रुंद, तितका हा ठिपका लहान. मोठ्या दुर्बिणी बांधायचं हे एक मोठं कारण आहे.

तिसरी, हवा. आपल्या माणदेशात पाऊस कमी, हवा कोरडी, आभाळ मोकळं. मग इथून तारे अगदी स्वच्छ दिसायला हवेत? काळोखाच्या बाबतीत आपण खरंच नशीबवान आहोत. पण दिवसभर तापलेली जमीन संध्याकाळी गरम हवा वर सोडते. तव्यावर भाकरी टाकायच्या आधी तव्याच्या वरून पलीकडच्या भिंतीकडे बघा, भिंत हलताना दिसेल. ताऱ्याचा प्रकाश अशाच हलणाऱ्या हवेच्या थरांतून खाली येतो. आपण म्हणतो, तारा लुकलुकतो. कवीला ते छान वाटतं, पण शास्त्रज्ञाचा फोटो बिघडतो. ठिपका फुगतो आणि शेजारचा अंधुक तारा त्या फुगवट्यात बुडून जातो.

किती बारीक नजर लागते?

एका अंशाचे ६० भाग केले की एक कला, आणि एका कलेचे ६० भाग केले की एक विकला. पौर्णिमेचा चाँद सुमारे ३० कला रुंद असतो. चांगल्या डोळ्याला एक कलेच्या अंतरावरच्या दोन गोष्टी वेगळ्या ओळखता येतात.

विकला म्हणजे किती? अडीच सेंटीमीटर रुंदीचं नाणं म्हसवड एसटी स्टँडवर ठेवा आणि पाच किलोमीटर लांब जाऊन त्याच्याकडे बघा. ते नाणं जेवढं दिसेल, ती एक विकला. चांगल्या जागीसुद्धा हवेमुळे ताऱ्याचा ठिपका साधारण एक विकलेएवढा फुगतो. दोन मीटर रुंदीच्या दुर्बिणीला हवा आडवी आली नसती, तर तिने याच्या दहाव्या भागाहूनही बारीक बघितलं असतं. म्हणजे एवढी महागाची दुर्बीण, आणि तिची बहुतेक धार हवा बोथट करते.

सुहा आणि तिचा सोबती

आता वाचकांच्या ओळखीच्या एका ताऱ्याकडे येऊ. सप्तर्षींच्या पतंगासारख्या आकाराला जी शेपटी आहे, तिच्यातला मधला तारा वसिष्ठ. त्याला अगदी चिकटून एक लहान तारा आहे, तो अरुंधती. लग्नात नवरा-नवरीला दाखवतात ती हीच. अरब लोक मोठ्या ताऱ्याला मिझार आणि लहान ताऱ्याला सुहा म्हणत, आणि सुहा दिसते का यावरून नजर पारखत. आमच्या त्या विद्यार्थिनीच्या घरी दादाजींनी तिला हा तारा सुहा म्हणून दाखवला आणि शेजारच्या काकूंनी अरुंधती म्हणून. तिला आधी वाटलं, हे दोन वेगळे तारे आहेत.

या दोन ताऱ्यांत सुमारे १२ कलांचं अंतर आहे, म्हणून साध्या डोळ्यांना ते वेगळे दिसतात. दुर्बीण आली आणि सतराव्या शतकातच कळलं की मिझार स्वतः जोडतारा आहे. पुढे प्रकाशाचा वर्णपट तपासल्यावर समजलं की त्या जोडीतला प्रत्येकजण पुन्हा जोडीच आहे. म्हणजे मिझारच्या घरात चौघे. सुहा मात्र एकटीच समजली जायची.

२००९ मध्ये अमेरिकेतल्या पालोमार वेधशाळेत ५ मीटरच्या हेल दुर्बिणीवर 'प्रोजेक्ट १६४०' नावाचं उपकरण बसवलेलं होतं. त्यात कोरोनाग्राफ होता. कोरोनाग्राफ म्हणजे आमच्या चाचांची पाण्याची टाकीच समजा. दुर्बिणीच्या आत एक बारीक आडोसा असतो, तो मधल्या ताऱ्याचा उजेड अडवतो आणि आजूबाजूचा मंद उजेड येऊ देतो. फ्रेंच शास्त्रज्ञ बर्नार ल्यो यांनी १९३० च्या सुमारास ही युक्ती सूर्यासाठी काढली होती. ग्रहण नसतानाही सूर्याभोवतीची प्रभा बघता यावी म्हणून.

सुहाचा उजेड अडवल्यावर तिच्यापासून जेमतेम एक विकलेवर एक मिणमिणता तांबडा तारा दिसला. वजन सूर्याच्या साधारण पाव. त्याच सुमाराला दुसऱ्या एका गटालाही ॲरिझोनातल्या साडेसहा मीटरच्या एमएमटी दुर्बिणीने घेतलेल्या चित्रांत तो सापडला. डिसेंबर २००९ मध्ये ही बातमी जगाला कळली. हजारो वर्षं लोकांनी ज्या ताऱ्यावर नजर पारखली, त्याच्याच कुशीत हा सोबती होता. आता मिझार आणि सुहा मिळून सहा ताऱ्यांचं कुटुंब आहे असं मानलं जातं.

सोबती की वाटसरू?

इथं एक शंका येते, आणि ती यायलाच हवी. बाजूला ठिपका दिसला म्हणून तो सोबतीच कशावरून? कदाचित खूप लांबचा कुणी तारा योगायोगाने त्याच रेषेत आला असेल. एसटीच्या गर्दीत दोन माणसं शेजारी उभी आहेत म्हणून ती एका घरची ठरत नाहीत. एकाच स्टॉपवर उतरली आणि एकाच गल्लीत वळली, तर मग मानावं.

शास्त्रज्ञही तसंच करतात. काही महिन्यांनी, काही वर्षांनी पुन्हा फोटो घेतात. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, त्यामुळे जवळचे तारे लांबच्या ताऱ्यांच्या तुलनेत किंचित पुढेमागे होताना दिसतात. शिवाय प्रत्येक ताऱ्याची स्वतःची चालही असते. ठिपका मुख्य ताऱ्याच्या बरोबरीने सरकला तर तो सोबती, मागे राहिला तर वाटसरू. 'प्रोजेक्ट १६४०' च्या लोकांनी काही महिन्यांनी पुन्हा बघून ही खात्री केली, मगच दावा केला. एकदा दिसलं की लगेच जाहीर करायचं नसतं, हे आम्ही वर्गात मुद्दाम सांगतो. आजच्या व्हॉट्सॲपच्या दिवसांत तर जास्तच.

यात पुण्याचा हात

आता घरची गोष्ट. पुणे विद्यापीठाच्या आवारात 'आयुका' ही खगोलशास्त्राची संस्था आहे. १९८८ मध्ये ती उभी राहिली. कोल्हापुरात जन्मलेले डॉ. जयंत नारळीकर तिचे संस्थापक संचालक. या आयुकाने आणि अमेरिकेतल्या कॅलटेक संस्थेने मिळून 'रोबो-एओ' नावाचं उपकरण बनवलं. अमेरिकेच्या बाजूने क्रिस्टोफ बारानेक आणि पुण्याच्या बाजूने ए. एन. रामप्रकाश ही त्यातली प्रमुख नावं. २०११ पासून ते पालोमारच्याच दीड मीटरच्या दुर्बिणीवर काम करू लागलं.

'एओ' म्हणजे ॲडॅप्टिव्ह ऑप्टिक्स. हवेने बिघडवलेला प्रकाश तिथल्या तिथं सरळ करायची पद्धत. कल्पना होरेस बॅबकॉक यांची, १९५३ मधली. काम असं चालतं. दुर्बिणीजवळून आभाळात लेझरचा झोत सोडायचा. सुमारे दहा किलोमीटर उंचीवरच्या हवेतून त्याचा थोडा उजेड परत येतो. हा झाला आपला नकली तारा. तो कसा दिसायला हवा हे आपल्याला माहीत असतं, म्हणून तो जेवढा वेडावाकडा दिसेल, तेवढी हवेने केलेली खोडी समजते. मग नखाएवढा एक लवचीक आरसा त्याच्या उलट वाकवायचा. हवा क्षणोक्षणी बदलते, म्हणून आरसाही सेकंदाला हजाराहून जास्त वेळा आकार बदलतो. चष्म्याचा नंबर सेकंदात हजारदा बदलतोय असं समजा. रोबो-एओचा लेझर अतिनील आहे, म्हणजे माणसाच्या डोळ्याला दिसत नाही. त्यामुळे विमानाच्या पायलटचे डोळे दिपण्याची भीती राहत नाही.

अशी यंत्रं आधीही होती, पण ती चालवायला तज्ज्ञांची फौज लागायची आणि एका रात्रीत थोडेच तारे बघून व्हायचे. रोबो-एओ नावाप्रमाणे रोबोट आहे. दुर्बीण वळवणं, लेझर लावणं, आरसा जुळवणं, फोटो घेणं, सगळं आपलं आपण. एका रात्रीत दोनशेच्या वर तारे. तुळईचं वजन करायला सोनाराचा काटा आणि तोही हमालाच्या वेगाने चालणारा, असं काहीसं ते काम आहे.

न दिसलेल्या सोबत्यामुळे हिशेब चुकतो

एखादा अंधुक तारा सापडला, नाही सापडला, फरक काय पडतो? ही त्या विद्यार्थिनीची पुढची शंका. फरक पडतो, आणि मोठा पडतो.

नासाची केप्लर दुर्बीण २००९ मध्ये अवकाशात गेली. तिने दुसऱ्या ताऱ्यांभोवतीचे ग्रह शोधले. ग्रह ताऱ्यासमोरून गेला की ताऱ्याचा उजेड किंचित कमी होतो. किती कमी झाला, यावरून ग्रहाचा आकार काढायचा. पण केप्लरची नजर एवढी बारीक नव्हती. तिच्या फोटोतला एक चौकोन सुमारे ४ विकलांचा. त्यात दोन तारे असले तरी तिला एकच दिसायचा.

आता हिशेब करा. खोलीत दोन सारखे बल्ब आहेत, पण आपल्याला वाटतंय एकच आहे. एका बल्बसमोरून पतंगा गेला आणि त्या बल्बचा २ टक्के उजेड अडला. पण दोघांचा मिळून उजेड १ टक्काच कमी झाला. आपण म्हणणार, पतंगा लहान आहे. प्रत्यक्षात त्याचं क्षेत्रफळ दुप्पट, म्हणजे रुंदी सुमारे १.४ पट. घनफळ काढाल तर जवळजवळ २.८ पट. म्हणजे आपण ज्याला पृथ्वीसारखा खडकाळ ग्रह समजलो, तो वायूचा मोठा गोळाही निघू शकतो. आणि ग्रह मुख्य ताऱ्याभोवती न फिरता त्या अंधुक सोबत्याभोवती फिरत असला, तर चूक याहून कितीतरी मोठी.

म्हणून केप्लरला जिथं जिथं ग्रहाचा संशय आला, ते तारे रोबो-एओने एकेक करून तपासायला घेतले. २०१४ मध्ये पहिल्या ७१५ ताऱ्यांचा निकाल छापून आला. त्यांतल्या ५३ जणांजवळ, ०.१५ ते २.५ विकलांच्या अंतरात, दुसरा तारा निघाला. त्यातले बहुतेक आधी कुणालाच माहीत नव्हते. २०१८ पर्यंत ही तपासणी ३,८५७ ताऱ्यांपर्यंत गेली आणि ४ विकलांच्या आत शेजारी तारा असलेले सुमारे साडेचौदा टक्के निघाले. साधारण सातात एक. त्यातले काही वाटसरू असतील, काही खरे सोबती. पण उजेडात दोघेही भागीदार, म्हणून ग्रहाचा हिशेब दोन्ही ठिकाणी नव्याने मांडावा लागतो.

गच्चीवरून पुण्यापर्यंत

त्या मुलीच्या वडिलांना आम्ही भेटलो. टेम्पो चालवतात, सरळ माणूस. ते म्हणाले, "सर, पोरगी हुशार आहे हे आम्हालाही कळतं. पण तारे बघून पोट भरतं का? आणि दहावीनंतर सायन्सला बाहेर कुठं पाठवायची?" राहण्याची सोय, खर्च, मुलीची काळजी, यातलं काहीच खोटं नाही. आम्ही वाद घातला नाही. एवढंच सांगितलं की हे नुसतं तारे बघणं नाही. लेझर, बारीक आरसे, कॅमेरे, कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम, हे सगळं बनवणारी माणसं पुण्यात बसून काम करतात आणि त्याच कामाचा पगार घेतात. त्यांत इंजिनिअर आहेत, प्रोग्रॅमर आहेत. डोळ्यांच्या पडद्याचे बारीक फोटो घ्यायलाही आज हीच लवचीक आरशाची पद्धत वापरतात.

पुणं म्हसवडपासून एसटीने चार-पाच तासांवर. आयुकात मुलांसाठी 'मुक्तांगण विज्ञान शोधिका' आहे, आणि २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, संस्था सगळ्यांसाठी खुली असते. आंबेगाव तालुक्यात गिरवली इथं आयुकाची २ मीटरची दुर्बीण आहे, २००६ पासून. पुढच्या वर्षीची सहल आयुकाला न्यावी असा अर्ज आम्ही शाळेत दिलाय. पालकांनीही मागणी केली तर काम सोपं होईल. उर्दू माध्यमाची मुलं असोत की मराठी, तिथं प्रश्न विचारायला कुणी माध्यम विचारत नाही.

तोवर घरच्या घरी एवढं करा. एप्रिल-मे महिन्यात रात्री नऊच्या सुमाराला उत्तरेकडे तोंड करून उभे राहा. सप्तर्षी वर असतील. शेपटीतल्या मधल्या ताऱ्याकडे मुलांना बघायला लावा आणि सुहा दिसते का विचारा. नाही दिसली तर गल्लीतला दिवा भिंतीच्या कडेआड करा, दहा मिनिटं अंधारात थांबा, मोबाइल खिशात ठेवा आणि पुन्हा बघा. एक इशारा मात्र कायम लक्षात ठेवा. सूर्याकडे थेट, आणि दुर्बिणीतून तर कधीच, बघू नका. चाँद शोधतानाही सूर्य पूर्ण बुडू द्या.

त्या मुलीचे वडील मागच्या आठवड्यात चौकात भेटले. दहावीनंतरचं अजून ठरलेलं नाही म्हणाले. पण रात्री लेकीने त्यांना गच्चीवर नेलं होतं आणि बऱ्याच वेळाने का होईना, सुहा दिसली होती. "तिच्या बाजूचा तो लाल तारा मात्र नाही दिसला सर," ते हसत म्हणाले. आम्ही म्हणालो, "तो बघायला पोरीला पुण्यालाच पाठवावी लागेल." यावर ते काही बोलले नाहीत. सहलीला किती पैसे लागतील, एवढं मात्र त्यांनी विचारून घेतलं.